गोशुइन: जपानी देवळांतला लाल शिक्का घेताना काय पाळावं?

वळचण (शनिवार, रात्री ९.१०)

आमच्याकडे एक वही आहे. पहिल्या पानावर रेल्वे स्टेशनचा शिक्का, दुसऱ्यावर मत्स्यालयातला डॉल्फिन, तिसऱ्यावर एका किल्ल्याचं चित्र. चौथं पान कोरं आहे. ते कोरं का राहिलं, त्याची ही गोष्ट.

तोक्योत येऊन दोनेक महिने झाले होते. इथे पुष्कळ स्टेशनांत एक टेबल, रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे वहीत ठसे मारत फिरतात. (१९३१ साली फुकुइ स्टेशनात हे सुरू झालं म्हणतात.) मलाही नाद लागला. मग एका रविवारी घराजवळच्या छोट्या जिंजात, म्हणजे शिंतो देवळात, गेले. तिथे खिडकीपाशी लोक वह्या देत होते आणि आतल्या बाई ब्रशने काहीतरी झोकदार लिहून वर लाल ठसा उमटवत होत्या. म्हटलं, अरे, हा तर सगळ्यात भारी स्टँप! लागले रांगेला. देवापुढे गेलेच नव्हते. आता आठवलं की कान गरम होतात.

बाईंनी वही घेतली, कोरं पान शोधायला चाळली आणि डॉल्फिनपाशी थांबल्या. चेहऱ्यावर काही नाही. वही मिटली, दोन्ही हातांनी परत केली, आधी लिहून ठेवलेला एक सुटा कागद काढला, त्यावर तारीख घातली आणि वाकून तो मला दिला. मी खूश! बाकीच्यांना वहीत, मला वेगळा कागद. सोमवारी ऑफिसात मिरवायला नेला, तेव्हा शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी फार हळू आवाजात सांगितलं की तो नकार होता.

तर गोशुइन. 'गो' आदरार्थी, 'शु' म्हणजे हिंगुळाचा लाल, 'इन' म्हणजे शिक्का. पानाच्या उजवीकडे 'होहाइ' लिहितात, म्हणजे आदराने दर्शन घेतलं, आणि बहुतेक वेळा तिथेच तारीख. मधोमध मोठ्या अक्षरात देवाचं किंवा देवळाचं नाव, डावीकडे देवस्थान, आणि त्यावर लाल ठसे. तारीख सम्राटाच्या कालगणनेतली असते. इसवी सनातून २०१८ वजा करा, आत्ताच्या 'रेइवा' कालखंडाचं वर्ष मिळतं. २०२५ म्हणजे रेइवा ७.

मी शिकले ते असं. आधी दर्शन, मग शिक्का. तोरीपाशी, म्हणजे त्या कमानीपाशी, जरा वाकून आत यायचं. मधली वाट देवाची, आपण कडेने चालायचं. पाण्याच्या कुंडाशी आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या तळव्यात घेतलेल्या पाण्याने चूळ. जिंजात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बुद्धमंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. हे झालं की खिडकी. वहीचं वरचं कव्हर काढून, आत खुपसलेले कागद काढून, हवं ते पान उघडून, लिहिणाऱ्याला सुलट दिसेल अशी वही द्यायची. 'गोशुइन ओनेगाइ शिमासु' एवढंच म्हणायचं. पैसे सुट्टे. दहा हजार येनची नोट पुढे केलीत तर कुणी काही बोलणार नाही, पण त्या न बोलण्यातच सगळं येतं. लिहीत असताना गप्पा, फोन, खाणं नाही. लिहिणाऱ्याच्या हाताचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. वही परत घेताना दोन हात.

एक अपवाद: गर्दीच्या देवळांत आत शिरतानाच वही घेऊन नंबराचा बिल्ला देतात आणि दर्शनानंतर वही परत मिळते. तिथे 'आधी दर्शन' म्हणून हटून बसू नये, पाटी वाचावी.

आई नोव्हेंबरात येणार आहे, तिला नवी वही देणार आहे. जाणकारांनी भर घाला, चुकलं असेल तर कान धरा.

चकली_सोऱ्या (शनिवार, रात्री ९.४२)

मस्त धागा! डॉल्फिनला हसले, सॉरी. वही कुठे मिळते? साधी दोनशे पानी चालेल का? आणि एका शिक्क्याला किती पडतात?

फोडणीचा भात (शनिवार, रात्री १०.०५)

लेख छान, पण हे सोवळं मला कळलं नाही. पैसे मोजायचे, शिक्का घ्यायचा. दुकानदार गिऱ्हाईकाची वही चाळून 'तुम्हाला नाही' म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का? शिवाय नास्तिकाने काय करायचं? मला अक्षर आवडतं, देव नाही. हे माझं वैयक्तिक मत.

वळचण (शनिवार, रात्री ११.२०)

चकली, वहीला गोशुइनच्यो म्हणतात. पंख्यासारख्या घड्यांची असते, कागद जाड, शाई शोषणारा. मोठ्या देवस्थानांत त्यांची स्वतःची वही मिळते, स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. साधारण हजार ते अडीच हजार येन. दोनशे पानी नको. कागद फुटतो, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात लिहीतही नाहीत. आणि हो, ती उघडते आपल्या उलट बाजूने. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा शेवटचं पान पहिलं समजून दिलं होतं. शिक्क्याला बऱ्याच ठिकाणी ३०० येन असायचे, आता ५०० सर्रास झालेत. सणाचे खास, कागदी कातरकामाचे वगैरे त्याहून महाग.

भात, 'गिऱ्हाईक' म्हणालात ना, माझीही तिथेच गडबड झाली होती. जपानी लोक गोशुइन 'विकत घेतला' म्हणत नाहीत, 'इतादाकु' म्हणतात. जेवणाआधी 'इतादाकिमासु' म्हणतात, तेच क्रियापद: नम्रपणे घेणं. जिंजात त्या पैशांना किंमत नव्हे तर 'हात्सुहोर्यो' म्हणतात, म्हणजे पहिल्या ओंब्यांचं मोल. पूर्वी नव्या भाताच्या ओंब्या देवाला वाहायचे, त्याजागी आता नाणी आली.

नास्तिकाचं म्हणाल तर तुमच्या मनात काय आहे हे खिडकीत कुणी विचारत नाही. वाकून, हात जोडून आलात की झालं. आमच्या ऑफिसातले निम्मे संग्राहक स्वतःला धार्मिक म्हणवत नाहीत, पण दर्शन चुकवत नाहीत.

सड्यावरचा (रविवार, सकाळी ७.१५)

पहिल्या ओंब्या म्हणजे आमचं नवं की! कोकणात अजून नव्या भाताची लोंबी दाराला बांधतात, देवापुढे ठेवतात, मगच नवे तांदूळ शिजतात. त्याचे रुपये करून खिडकीत दिले, एवढाच फरक.

मला दुसरंच आठवलं. नाशिक-त्र्यंबकला गेलं की तीर्थोपाध्याय नामावळी काढतात. पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, सगळं त्यात असतं आणि खाली आपण सही करतो. म्हणजे आपल्याकडे यात्रेकरूचं नाव क्षेत्राच्या वहीत राहतं आणि तिकडे क्षेत्राचं नाव यात्रेकरूच्या वहीत. उलटा हिशेब आहे, पण दोन्हीकडे पुरावा एकच: हा माणूस इथे आला होता.

पायरीचा दगड (रविवार, सकाळी ८.५०)

पुराव्याचीच गोष्ट आहे ती, सड्यावरचे. मूळ शिक्का म्हणजे पावती. पूर्वी यात्रेकरू बौद्ध सूत्राची हाताने लिहिलेली प्रत देवळाला अर्पण करायचे, त्याला नोक्यो म्हणत. रोकुजूरोकुबु नावाचे यात्रेकरू तर सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या प्रती घेऊन जपानच्या सहासष्ट प्रांतांत फिरायचे, प्रांताला एक. प्रत मिळाली याची पोच देऊळ द्यायचं. पुढे प्रत मागे पडली आणि पोच राहिली. शिकोकू बेटावर अजूनही वहीला नोक्योच्यो आणि खिडकीला नोक्योशोच म्हणतात.

निवृत्त झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. आधी नर्मदा परिक्रमा, मग चार वर्षांनी शिकोकूच्या अठ्ठ्याऐंशी देवळांपैकी पहिली तेवीस, पायी. (पूर्ण फेरी बाराशे किलोमीटरच्या आसपास. गुडघ्यांनी पुढची परवानगी दिली नाही.) परिक्रमेत आपणही वही बाळगतो, आश्रम-ग्रामपंचायतींचे शिक्के घेतो. तिथे सरपंच घरी नसले की त्यांच्या पोराने शिक्का मारून दिलेला आहे मला, वर चहा. शिकोकूत मात्र क्रम पक्का. मुख्य मंदिरात मेणबत्ती, उदबत्ती, नावाची चिठ्ठी, हृदयसूत्र. मग कोबो दाइशींच्या, म्हणजे शिंगोन या बौद्ध पंथाच्या संस्थापकांच्या, मंदिरात तेच सगळं पुन्हा. त्यानंतर नोक्योशो. माझ्यासमोर एका तरुणाने गाडीतून उतरून थेट खिडकी गाठली. आतल्या आजींनी विचारलं, 'दर्शन झालं?' तो 'हो' म्हणाला. आजींनी लिहून दिलं. पण तो गाडीपर्यंत जाऊन परत फिरला आणि मंदिराच्या पायऱ्या चढला, हे मी पाहिलं.

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. दुसऱ्या फेरीला नवी वही घ्यायची नाही. त्याच वहीत, त्याच पानावर नुसता लाल ठसा पुन्हा घ्यायचा. एका धर्मशाळेत एका गृहस्थांनी त्यांची वही दाखवली: पानं इतकी लाल की काळं अक्षर शोधावं लागत होतं, आणि कडा बोटांनी झिजून मऊ झालेल्या. किती फेऱ्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या सोनेरी होत्या. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत पांढरी चिठ्ठी, मग हिरवी, लाल, रुपेरी. सोनेरी पन्नासाव्या फेरीपासून. शंभरापुढे जरीची. अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्यावरही लोक ठसे घेतात, पण तो सदरा मग घालत नाहीत. वही आणि सदरा शेवटी चितेत सोबत जातात.

खर्चाचं: एप्रिल २०२४ पासून तिथे वहीतल्या शिक्क्याचे ३०० चे ५०० झाले. अठ्ठ्याऐंशी ठिकाणांचे ४४,००० येन. जायचं असेल तर सुट्ट्यांची पिशवी वेगळी बांधा.

चकली_सोऱ्या (रविवार, सकाळी ९.३०)

काका, साष्टांग. यावर वेगळा धागा काढाच.

आगाशी (रविवार, दुपारी १.०५)

क्योतोहून लिहितेय, विद्यार्थिनी आहे. माझे दोन पोपट झालेत, ते सांगते म्हणजे इतरांचे वाचतील.

पहिला: निशी होंगान्जी. केवढं थोरलं देऊळ! म्हटलं, इथला गोशुइन तर पाहिजेच. विचारलं तर नाही म्हणाले. जोदो शिन्शु पंथाची देवळं सहसा गोशुइन देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की तरून जाणं हे अमिदा बुद्धाच्या कृपेने, तुम्ही केलेल्या पारायणांच्या-फेऱ्यांच्या हिशेबाने नव्हे. मग पावती कसली द्यायची? भेटीची आठवण म्हणून वेगळा ठसा असतो, तो आपला आपण मारायचा. तो गोशुइनच्या वहीत मारू नका, नाहीतर वळचणताईंचा डॉल्फिन.

दुसरा: निचिरेन पंथाचं एक देऊळ. तिथे गोशुइनऐवजी 'गोशुदाइ' देतात, म्हणजे 'नामु म्योहो रेंगे क्यो' हा त्यांचा मंत्र, ज्याच्या अक्षरांची टोकं मिशांसारखी लांब ओढलेली असतात. पण माझ्या वहीत इतर पंथांचे शिक्के पाहून त्यांनी नुसतं 'म्योहो' लिहून दिलं. नाराजी नव्हती, पद्धतच तशी. गोशुदाइ हवं असेल तर त्यासाठी वेगळी वही ठेवतात.

जिंजा आणि बुद्धमंदिर यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात का, यावर इथे दर दोन माणसांची तीन मतं आहेत. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायला लावेपर्यंत देव आणि बुद्ध हजारभर वर्षं एकाच आवारात सुखाने नांदत होते. त्यामुळे एकच वही असली तर बहुतेकांना चालते. पण एखाद्या ठिकाणी मिश्र वही पाहून सुटा कागद देतात. मी पाचव्या महिन्यात दोन केल्या. डोक्याला ताप नाही.

आणि पहिलं पान कोरं ठेवायची पद्धत आहे बरं का, इसेसाठी, म्हणजे शिंतोच्या सगळ्यात मानाच्या देवस्थानासाठी. तिथला शिक्का सगळ्यात साधा: मधे लाल ठसा, बाजूला तारीख. होहाइ नाही, देवाचं नाव नाही. आपण वहीच्या पहिल्या पानावर श्री काढतो तसं हे पान राखून ठेवायचं. मी अजून इसेला गेले नाही, पान कोरंच आहे.

फोडणीचा भात (रविवार, दुपारी २.२०)

म्हणजे शिक्का न देणारं देऊळ सगळ्यात तर्कशुद्ध निघालं. हे मला आवडलं!

पण सुट्या कागदाचा मुद्दा राहिलाच. पाचशे येन घेऊन आधीच लिहिलेला कागद? हे म्हणजे पोळीभाजी केंद्रात गरम म्हणून सकाळची पोळी.

वळचण (रविवार, दुपारी ४.००)

उपमा चांगली आहे, पण पोळी सकाळची नाही, लाटून ठेवलेली आहे. तव्यावर तुमच्यासमोर टाकतात. त्याला काकिओकी म्हणतात, 'लिहून ठेवलेलं'. तारीख तुमच्यासमोर घालतात. कित्येक छोट्या देवळांत एकच पुजारी असतो, तो अंत्यविधीला गेलेला असेल तर लिहिणार कोण? करोनाच्या काळात तर वह्यांची देवघेव नको म्हणून बहुतेक ठिकाणी हेच झालं. 'वहीतच लिहून द्या' असा हट्ट धरायचा नाही. घरी येऊन चारी कडांना गोंद लावून चिकटवायचं. पातळ खळ चांगली. फेव्हिकॉलने कागदाला सुरकुत्या पडतात, हा स्वानुभव.

बोरूबहाद्दर (रविवार, संध्याकाळी ६.४५)

एवढ्या चर्चेत लाल ठशात काय असतं ते कुणी बोललंच नाही, आणि मराठी माणसाला खरी गंमत तिथेच आहे.

शिंगोन, तेंदाई अशा तांत्रिक परंपरेच्या देवळांत मधल्या ठशात पुष्कळदा ज्वाळांनी वेढलेल्या मण्यात एक अक्षर असतं. ते चिनी नाही, जपानी नाही. ते आपलं बीजाक्षर आहे, सिद्धम् लिपीतलं. कोबो दाइशी, म्हणजे कूकाइ, ८०६ साली चीनहून परतले तेव्हा मंत्रांसोबत ही लिपी घेऊन आले. भारतात ती मागे पडली, तिथे देवळात राहिली.

थोडी सवय झाली की वाचता येतं. अमिदाचं ह्रीः. तेच सहस्रभुज कान्नोनचंही. साध्या कान्नोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं, स. औषधबुद्धाचं, याकुशीचं, भै. जिझोचं, म्हणजे क्षितिगर्भाचं, ह. फुदोचं, म्हणजे अचलनाथाचं, हां. वैरोचनाचं अ किंवा वं. फक्त उच्चार विचारू नका. जपानी जिभेवर ह चा क झाला, त्यामुळे ह्रीः चं 'किरीकु' झालंय. पुजाऱ्याने किरीकु म्हटलं आणि मी मान डोलावून ह्रीः म्हटलं, दोघेही बरोबर!

मोडी वाचणाऱ्यांना अंदाज लवकर येतो. वळचण, तुमच्या वहीतले ठसे बघा, एखादा नक्की सापडेल.

वळचण (रविवार, रात्री ८.१०)

अहो! आत्ता नव्या वहीची पानं काढून बसले. सेन्सोजी या तोक्योतल्या प्रसिद्ध बुद्धमंदिराच्या शिक्क्याशेजारच्याच पानावर उलट्या वळणाचा ह दिसला, जिझोच्या देवळातला. पाच वर्षं ते मी नक्षी समजत होते.

चकली_सोऱ्या (सोमवार, सकाळी १०.२०)

जरा नाजूक प्रश्न. आम्ही ऑक्टोबरात जाणार होतो. महिन्यापूर्वी सासूबाई गेल्या. सगळं झालंय, पण मनात येतं की तिकडच्या देवळांत जावं का. तिकडे सुतक वगैरे काही असतं का?

आगाशी (सोमवार, सकाळी ११.१५)

वाईट वाटलं वाचून.

असतं, आणि ते फार आपल्यासारखं वाटतं. शिंतोत मृत्यूचा विटाळ मानतात. जवळचं माणूस गेलं की पन्नास दिवस तोरी ओलांडत नाहीत, गोशुइनही घेत नाहीत. बुद्धमंदिरांना हे बंधन नाही, उलट त्या दिवसांत लोक तिथेच जातात. परदेशी पाहुण्याला दारात कुणी अडवणार नाही. पण मनाला रुखरुख नको असेल तर पन्नास दिवस मोजा आणि तोवर फक्त बुद्धमंदिरं करा.

पायरीचा दगड (सोमवार, दुपारी १२.४०)

चकलीताई, कान्नोनच्या देवळांची एक माळ आहे क्योतो आणि भोवतालच्या भागांत, साइगोकू तेहतीस. पहिलं नाचीच्या धबधब्याजवळचं सेइगान्तोजी, शेवटचं गिफूचं केगोन्जी. सगळी बुद्धमंदिरं. क्योतोचं कियोमिझुदेरा सोळावं. सासूबाईंच्या नावाने तिथे एक उदबत्ती लावून या.

फोडणीचा भात (सोमवार, रात्री ९.५५)

माझा आत्तेभाऊ म्हणाला, यावर धंदा होतो. ॲपवर गोशुइन विकायला आहेत, मूळ किमतीच्या दहापटीने. मग पावित्र्य कुठे गेलं?

वळचण (सोमवार, रात्री १०.३०)

होतो. दुर्दैवाने तुमचा भाऊ बरोबर आहे. सेन्सोजीच्या कुशीतच आसाकुसा जिंजा आहे (दोन्ही वेगळी, दोन्हीकडे वेगळा शिक्का. सेन्सोजीचा मुख्य मंदिरात नाही, डावीकडच्या योगोदोत मिळतो, नाहीतर शोधत बसाल). २०१७ साली सान्जा मात्सुरी या उत्सवाचा खास गोशुइन घ्यायला तिथे एवढी झुंबड उडाली की रांगेतल्यांनी आतल्या माणसांना शिवीगाळ केली, आणि लगेच ते कागद विक्रीला लागले. देवस्थानाला जाहीर निवेदन काढावं लागलं. १ मे २०१९ ला, रेइवाच्या पहिल्या दिवशी, मेइजी जिंगू या तोक्योतल्या मोठ्या जिंजात लोक त्या एका तारखेसाठी दहा-दहा तास उभे होते. मीही निघाले होते, रांगेचं शेपूट बघून आइस्क्रीम खाऊन परत आले.

विकत घेतलेला गोशुइन म्हणजे दुसऱ्याच्या दर्शनाची पावती. तिचं करायचं काय?

सड्यावरचा (मंगळवार, सकाळी ७.०५)

दुसऱ्याने आणलेला अंगारा चालतो की आपल्याला! आई आजारी आहे, जाऊ शकत नाही, मुलाने तिच्या वहीत घेतला तर?

पायरीचा दगड (मंगळवार, सकाळी ८.२०)

तो वेगळा विषय. त्याला दाइसान म्हणतात, दुसऱ्याच्या वतीने यात्रा. जुनी आणि मानाची पद्धत आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) गावकरी मंडळ करून वर्गणी काढायचे आणि चिठ्ठी टाकून दोघाचौघांना इसेला पाठवायचे. एवढंच काय, मालकाला जमलं नाही तर कुत्रा पाठवायचे! गळ्यात पैसे आणि पत्ता. वाटेतले लोक त्याला खाऊ घालत, पुढच्या गावाच्या वाटेला लावून देत, आणि तो देवस्थानाचा कागद गळ्यात घेऊन घरी येई. पैसे कुणी काढून घेत नसे म्हणतात, उलट भर घालत.

तेव्हा आईची वही खुशाल न्या. मात्र आधी तिच्या नावाने नमस्कार करा आणि खिडकीत खरं ते सांगा. काही ठिकाणी 'माणशी एकच' असा नियम असतो, तिथे वाद घालू नका. गठ्ठ्याने वह्या नेऊ नका. शिकोकूत बसयात्रांचे मार्गदर्शक चाळीस-चाळीस वह्यांचा ढीग खिडकीत ठेवतात. मागे एकटा पायी आलेला दिसला तर बहुतेक जण त्याला पुढे जाऊ देतात. मला दोनदा दिलं.

फोडणीचा भात (मंगळवार, सकाळी ९.००)

कुत्र्याने मला हरवलं. माघार.

वळचण (सोळा नोव्हेंबर, रात्री ११.४०)

धागा वर काढतेय. आई येऊन गेली.

पहिला शिक्का कुठला घ्यायचा यावर घरात चर्चा झाली. इसेचं पान कोरं ठेवलं (आगाशी, तुझं ऐकून). मग तिला मात्सुचियामा शोदेनला नेलं, सेन्सोजीपासून दहा मिनिटं चालत. शोदेन म्हणजे कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, कायम झाकलेली. आवारात जिकडेतिकडे मुळा आणि थैली कोरलेली, आणि नैवेद्य दाइकोनचा, म्हणजे हातभर पांढऱ्या मुळ्याचा. आईने आयुष्यात गणपतीला मुळा वाहिला नव्हता. म्हणाली, 'मोदकाचं काय झालं यांच्या?' पण घेतला, वाहिला, डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं, अगदी हळू. येताना देवापुढून उतरवलेला मुळा मिळाला. त्याला ओसागारी म्हणतात, वरून खाली आलेलं. तिला प्रसाद असं भाषांतर सांगावं लागलं नाही.

खिडकीत तिने वही दोन हातांनी दिली. पान मी उघडून दिलं होतं. लिहिणारे लिहीत होते तेवढा वेळ ती हात जोडून उभी. मी म्हटलं, आई, देव तिकडे आहे. ती म्हणाली, 'माहितीये मला.'

मुळ्याची कोशिंबीर केली. दहा दिवसांत सात पानं भरली. वही आता साताऱ्याला देवघरात आहे. कालच फोटो पाठवलाय: पहिल्या शिक्क्याच्या काळ्या अक्षरावर तिने हळद-कुंकू वाहिलंय. हिंगुळाचा ठसा कुठे संपतो आणि कुंकू कुठे सुरू होतं ते फोटोत कळत नाही. बोरूबहाद्दर, याला काय म्हणायचं?

बोरूबहाद्दर (सतरा नोव्हेंबर, सकाळी ८.१५)

कुंकू झटकून पानांमध्ये टीपकागद ठेवायला सांगा लगेच. समोरच्या पानावर उमटेल.

चकली_सोऱ्या (सतरा नोव्हेंबर, सकाळी ८.४०)

आणि वहीच्या मागच्या पानावर नाव-गाव लिहायला सांगा. आम्ही आमची कियोमिझुदेराच्या बसमध्ये विसरलो होतो. नाव होतं म्हणून तिसऱ्या दिवशी हॉटेलवर आली.

फोडणीचा भात (सतरा नोव्हेंबर, सकाळी ९.१०)

मार्चमध्ये ओसाकाला जातोय, ऑफिसच्या कामाने. स्टेशनच्या शिक्क्यांसाठी वेगळी वही आणि देवळांसाठी वेगळी, दोन्ही एकाच दुकानात मिळतील ना?

आगाशी (सतरा नोव्हेंबर, सकाळी ९.२५)

मिळतील. फक्त कव्हर वेगळ्या रंगाची घ्या.